हललेला फोटो

हलणाऱ्या माणसाचा इतका राग पृथ्वीतलावर आणखी कुणाला येत असेल असं मला वाटत नाही. सिंगापूरला, पुंगोल भागात, आमच्या वरच्या मजल्यावर लेकीकडे राहणाऱ्या काकांना फोटोचं वेड आहे, आणि फोटो म्हटला की मोठी माणसं खुर्च्यांवर, पोरं पुढे मांडी घालून, हनुवट्या खाली, चेहरे गंभीर. पुण्यात मुंजी-लग्नांत ही शिस्त खपून जाते. काकांनी ती मेक्सिकोत नेली. नोकरीनिमित्त दोन वर्षं तिकडे असताना दर रविवारी ते बसने मिळेल त्या खेड्यात उतरत आणि तिथल्या लोकांना चर्चच्या पायऱ्यांवर असे बसवत, की आता अक्षता कधी वाटतात तेवढंच बघायचं. न्हावी, भाजीवाले, बँडवाले, सगळे वधूपक्षाकडचे दिसतात. एका फोटोत तर गाढवसुद्धा सरळ समोर बघतंय. "त्याला दोनदा सांगावं लागलं," काका म्हणतात. कोणी जरा हललं, हसलं, की तो फोटो काका तिथल्या तिथे उडवत. "खराब माल ठेवायचा कशाला?"

त्यांच्याकडे चहाला गेलं की टीव्हीवर मेक्सिको सुरू होतो, आणि तिथल्या गावांची नावं ते सासवडच्या पुढचे थांबे सांगावेत तशी सांगतात. इथल्या लोकांचीही सुटका नाही. हॉकर सेंटर म्हणजे इथली खाऊगल्ली, तिथल्या नूडल्सवाल्या अंकलना त्यांनी हातात झारा देऊन इतका वेळ उभं केलं की मागची रांग दुसऱ्या स्टॉलवर गेली. माझी मुलगी वाढदिवसाला केकवर सुरी टेकवून थांबली, थांबली आणि शेवटी इथल्या पोरांच्या इंग्रजीत म्हणाली, "आजोबा, क्विक लाह." त्यावरही "हलू नकोस"च.

पण ज्याचा फोटो काढला त्याला प्रत पाठवायची, हा काकांचा नेम. पत्ते कुठले असायला? पाकिटावर गावाचं नाव आणि खाली 'निळ्या दाराच्या, मक्याच्या पोळ्या विकणाऱ्या आजी'. बरीच पाकिटं परत येतात. गेल्या महिन्यात मात्र निळ्या दाराकडून चक्क उत्तर आलं. आजी गेल्या होत्या. नातीने लिहिलं होतं, घरात आजीचा हा एकच फोटो आहे, पण यात ती रागावल्यासारखी दिसते. हसतानाचा एखादा तुमच्याकडे आहे का?

काका पत्र घेऊन आमच्याकडे आले. माझ्या लॅपटॉपवर आम्ही सगळा मेक्सिको दोनदा धुंडाळला.

"हसत होत्या रे त्या," काका म्हणाले. "सारख्या हसत होत्या. तीन फोटो उडवले मी."

मला फार वाईट वाटलं. मी चहा टाकला.

दोन दिवसांनी त्यांनी चार पानी उत्तर आणून दिलं, फोनवर स्पॅनिश करून द्यायला. मी वाचलं. 'दार पूर्ण मावावं म्हणून मी मागे मागे सरकत गेलो आणि कोंबड्यांच्या खुराड्यावर आपटलो,' काकांनी लिहिलं होतं. हे आम्हाला त्यांनी कधीच सांगितलं नव्हतं. 'तुमच्या आजीने आधी शाल तोंडाशी धरली. मग शाल सुटली. डोळ्यांना पाणी आलं. पुढचा दात नव्हता, तिथे हात नेला आणि ती दाराला टेकून खालीच बसली. मला उठवायला आली तीही हसतच. फोटो माझ्याकडे नाही. मला दिसतं तेवढं लिहिलं आहे.'