अकरा गळत्या आणि एक पांढरी ताडपत्री

जुनं इंजिन उघडून परत जोडलं की दोन-चार नटबोल्ट उरतातच. ते कुठले, हे कुणाला आठवत नाही आणि इंजिनही तक्रार करत नाही. आमच्या गावचं मशीन जोडून झालं तेव्हा डबाभर उरले. किस्से त्याहून जास्त उरले. नटबोल्टचा डबा मिस्त्री वालूरला घेऊन गेला, किस्से माझ्याकडे राहिले.

मशीन म्हणजे गावाच्या मालकीचा बॅकहो ट्रॅक्टर. पुढे बकेट, मागे खोदायचा हात आणि मध्ये सोपानकाका. काका वीस-बावीस वर्षं त्या सीटवर बसलेत. गेल्या उन्हाळ्यात वरच्या वस्तीच्या पाइपलाइनसाठी चर खणताना इंजिन बसलं. टाकी बांधून तयार, पाइप माळावर पडलेले आणि चर अर्धा. बाहेरचं मोठं मशीन त्या अरुंद पांदीत शिरतच नाही. त्यामुळे वस्तीतल्या बाया अजूनही खालच्या विहिरीवरून डोक्यावर पाणी नेतात.

मी परभणीला कृषी अभियांत्रिकी शिकून नुकतीच परतले होते. ग्रामसभेत सरपंच उत्तमराव म्हणाले, मशीन भंगारात देऊन टाकू. मी उठले आणि भाषण केलं. त्यात 'स्वावलंबन' हा शब्द सात वेळा आला, असं काकांनी नंतर मोजून सांगितलं.

उत्तमराव शांतपणे म्हणाले, "दोन महिने घे, पोरी. मग एक दिवस पांढऱ्या ताडपत्रीवर हुभं करू. थेंब पडला, की भंगारवाला. ह्याला तेल पाजून पाजून गाव दमलंय."

मी हो म्हणाले. तोवर मी मशीनखाली वाकून पाहिलं नव्हतं!

*

माझा पहिला निर्णय होता, पंचायतीपुढे ओढून आणलेलं मशीन धुवायचं. वीस वर्षांची माती, तेल आणि पाचोळा यांचा थर चार बोटं जाड होता. अशा घाणीत गळती शोधायची कशी? मी वॉशिंगचा पंप आणला आणि दिवसभर फवारा मारला. संध्याकाळी खालचा मूळ रंग दिसला. काका म्हणाले, "ह्यो पिवळा व्हता व्हय?"

धुण्याआधी चार ठिकाणी गळत होतं. दुसऱ्या दिवशी मोजलं, तर अकरा!

बाबू मिस्त्री वालूरहून मोटरसायकलवर आला, उकिडवा बसला आणि मशीनखाली डोकावला.

"कुणी धुतलं?"

"मी. खूप घाण होती."

"ताई, ती घाण न्हवती. पॅकिंग होतं."

*

मी खडूने प्रत्येक गळतीला नंबर दिला आणि वहीत तक्ता केला. दोन दिवसांत गाव नंबरांत बोलायला लागलं. दळण आणायला गेले तरी बाया विचारायच्या, "चार नंबर कसा हाय आता?" जणू दवाखान्यातली खाट.

सात नंबर मागच्या दांड्यांखालच्या व्हॉल्व्हचा होता. काका खोदायला मागे तोंड करून बसले की त्याचा थेंब नेमका त्यांच्या डाव्या पायावर पडायचा. मी म्हटलं, काका, आधी तुमचाच बंद करू. काकांनी दोन्ही चपला काढल्या आणि पाय माझ्यासमोर ठेवले.

उजवी टाच उन्हाळ्यातल्या काळ्या रानासारखी, बोट जाईल एवढ्या भेगा. डावी टाच तान्ह्या लेकराची!

"सात नंबर ऱ्हाऊ दे," काका म्हणाले.

मी म्हटलं, काका, ताडपत्रीवर एक थेंबही चालणार नाही. वरच्या वस्तीच्या पाण्याचा प्रश्न आहे. काकांनी उजवा पाय पुढे सरकवला.

"मग उजवीकडं एक काढ. पंधरा दिवस दोन्ही चालू ऱ्हाऊ दे. मग दोन्ही बंद कर."

*

इंजिनमध्ये पाणी आणि तेल एकत्र झालं होतं. तेल मोजायची डिपस्टिक काढली की टोकाला दुधाच्या चहासारखा फेस. मी पंचायतीच्या भिंतीवर खडूने आकृती काढली. हा ब्लॉक, हे हेड, मध्ये गॅस्केट, ते जळालं की पाणी असं इकडे येतं, दाब असा तिकडे जातो. बाबू मिस्त्रीने हातातला पाना खाली ठेवून पूर्ण ऐकून घेतलं.

"पटलं?" मी विचारलं.

"मला पटलं. पण हे तुमी आदुगर इंजिनाला सांगायला पायजे व्हतं."

*

वॉटर पंप उघडला तेव्हा आतलं पॅकिंग जाड पुठ्ठ्याचं निघालं. कुणीतरी ते हाताने कापलं होतं, बोल्टची भोकं पाडून. मी उलटं करून पाहिलं, तर सोनेरी गणपती, आणि त्याखाली अर्धवट ओळ, "लग्नाला यायचं हं!"

काका जवळ आले, चष्मा लावला. "ही तर आमच्या मीराच्या लग्नाची पत्रिका. उरल्या व्हत्या. पंप गळायलता, म्हणून म्याच कापली."

"किती वर्षं झाली?"

"तिचा थोरला सातवीला जायलाय."

मला संतापच आला. बारा-चौदा वर्षं पंप लग्नपत्रिकेवर चालतो आणि कुणाला काही वाटत नाही! स्टँडर्ड पार्ट नावाची काही गोष्ट असते की नाही? मी पाच मिनिटं बोलत होते. बाबू मिस्त्री तोवर पत्रिका बोटांत दाबून, वाकवून बघत होता.

"ताई, तुमचं लग्न कवा हाय?"

"काय संबंध?"

"न्हाई, कवा बी करा. पण कागद ह्याच्यापेक्षा पातळ घेऊ नका."

*

पुढच्या बकेटच्या सिलिंडरला एक रबरी सील हवा होता. मी व्हर्नियरने माप घेतलं, आतला व्यास, बाहेरचा व्यास, जाडी, सगळं कागदावर सुबक लिहिलं आणि एसटीने परभणी गाठली.

दुकानदाराने कागद हातात घेतलाच नाही. "जुना आणला का?"

"माप आणलंय. मिलिमीटरमध्ये."

"जुना आणा."

मी त्याला मापनशास्त्राचं महत्त्व सांगितलं. त्याने पुढच्या गिऱ्हाइकाकडे तोंड केलं. तिसऱ्या दिवशी मी फाटका, काळा, तेलकट जुना सील पिशवीत घालून परत गेले. त्याने तो एका नजरेत ओळखला.

"अरारा! एकच शिल्लक होता. काल नेला कुणीतरी."

"काल?"

"परवा एक पोरगी आलती, तिलाच द्यायचा होता. पण कागद घेऊन आलती बिचारी." मग त्याने मान वर करून माझ्याकडे नीट पाहिलं आणि म्हणाला, "चहा घ्या."

सील शेवटी बाबू मिस्त्रीने वालूरच्या एका मोडक्या मशीनमधून काढून आणला. माप जुळलं. माझ्या कागदाशी!

*

इंजिन पहिल्यांदा सुरू झालं ते एका मंगळवारी सकाळी. आधी खोकलं, मग काळा धूर, मग तो जुना धडधड आवाज. मी आणि मिस्त्री एकमेकांकडे बघून हसलो. काका हसले नाहीत. ते कान देऊन ऐकत होते आणि त्यांचा चेहरा पडला होता.

"काय झालं, काका?"

"खडखड गेली त्याची," काका म्हणाले. "ओळखू येईना गेलंय."

वरच्या वस्तीने मात्र ओळखलं. अर्ध्या तासात तिथल्या सात-आठ बाया रिकाम्या घागरी घेऊन उतारावरून खाली आल्या. आवाज ऐकला म्हणजे पाणी सुटलं, असं त्यांनी धरलं होतं. मी समजावून सांगितलं की आधी शनिवारी चाचणी, मग उरलेला चर, मग पाइप, मग मोटर. त्यांनी ते ऐकून घेतलं. त्यांतली गंगाबाई म्हणाली, "म्हंजे शनिवारी."

मी 'हो' म्हणाले. अभियांत्रिकीत याला काय म्हणतात मला माहीत नाही.

*

शुक्रवारी दुपारी बाराला मशीन पांढऱ्या ताडपत्रीवर उभं केलं. जागा पंचायतीपुढची, मारुतीच्या देवळाला लागून. मुदत शनिवार दुपारी बारापर्यंत. शुक्रवारी संध्याकाळपर्यंत मी नऊ वेळा आडवी होऊन खाली पाहिलं. ताडपत्री कोरी!

शनिवारी सकाळी पोचले तर अर्धं गाव जमलेलं. गंगाबाई आणि वस्तीतल्या बाया एका बाजूला. भंगारवाला टेम्पो घेऊन आलेला, बशीत चहा ओतत बसलेला. उत्तमराव मशीनपुढे उभे, आणि त्यांच्या पायाशी, बकेटच्या बरोबर खाली, तळहाताएवढा तेलाचा डाग.

बाबू मिस्त्रीने सिलिंडर पुसला, नळ्या चाचपल्या. सगळं कोरडं. त्याने पुन्हा पुसलं. "येतंय कुठनं हे?" तो स्वतःशीच म्हणाला. काकांनी मशीनकडे पाठ केली. मी वही उघडली, अकराच्या अकरा नंबरांवर बरोबरची खूण होती. त्याखाली बारा आकडा लिहिला आणि पुढची जागा कोरी सोडली.

"लिवा," उत्तमराव ग्रामसेवकाला म्हणाले. ग्रामसेवकाने रजिस्टर उघडलं. भंगारवाल्याने बशी खाली ठेवली. गंगाबाईने घागर काखेतून काढून डोक्यावर घेतली.

तेवढ्यात देवळामागून एक कुत्रं आलं, ताडपत्रीवर चढलं आणि तो डाग चाटायला लागलं. चवीने, शेपूट हलवत.

"पोटाला हाच धंदा हाय माझ्या," बाबू मिस्त्री हळूच म्हणाला. "मशीनचं तेल कुत्र्यानं चाटलेलं न्हाई बघितलं म्या."

"गोडंतेल हाय ते," देवळाच्या पारावरून आवाज आला. उत्तमरावांच्या मातोश्री तिथे काठी टेकून बसल्या होत्या. "करडीचं. घाण्यावरचं."

"कुणी घातलं, माय?" उत्तमरावांनी विचारलं.

"दर शनिवारी घालायलेय. मारुतीला अर्धं, ह्याला अर्धं. ह्या बायांच्या डोक्यावरच्या घागरी उतरू दे म्हणून."

"आगं, पण तुला तर ह्या पाराच्या चार पायऱ्या धरल्याबिगर उतरता येईनात. कुणी घातलं?"

"कुणी म्हंजे?" म्हातारीने काठी आपटली. "सकाळी वाटी कुणाच्या हातात देली व्हती म्या, उत्तम्या?"

उत्तमरावांनी ग्रामसेवकापुढचं रजिस्टर आपल्याकडे ओढलं. 'गळती नाही' असं स्वतः लिहिलं. मग सही करायच्या आधी पेन खाली ठेवलं आणि उजव्या हाताची बोटं धोतराला नीट पुसून घेतली.