पुलावरून पडलेला हिरो

आसगावच्या समाजमंदिरात भर दुपारी खिडक्यांना पोती लावून व्हिडिओवर एक मारधाडीचा पिक्चर दाखवला होता. मी पाचवीत होतो, ताई नववीत. जळत्या जीपसकट हिरो पुलावरून नदीत पडला आणि नेमकी तिथेच कॅसेटची फीत मशीनमध्ये गुंतली. व्हिडिओवाल्याने ओढली तशी तुटली. "मेला तो. पिक्चर संपला," म्हणत त्याने सामान आवरलं. सगळ्यांनी ते खरं मानलं. ताई दोन दिवस धड जेवली नाही. आईने विचारलं तेव्हा म्हणाली, "पोट दुखून राहिलं."

यंदा धानाची रोवणी आटोपल्यावर मी साकोलीला ताईकडे गेलो. भाचीने तोच पिक्चर मोबाइलवर शोधून टीव्हीला जोडून दिला.

पहिला तास आम्ही नुसते हसत होतो. हिरोच्या पिस्तुलातल्या गोळ्या संपतच नव्हत्या. मारामारी चालू असताना त्याचा निळा शर्ट पांढरा झाला. हिरोईनला किंचाळण्यापलीकडे काम नव्हतं. हा पिक्चर आपल्याला एवढा थोर कसा वाटला, मला कळेना. तरी ट्रकच्या टपावरची मारामारी आली तेव्हा मी सरकत सरकत खुर्चीच्या टोकाशी आलो होतो.

मग जीप पुलावरून पडली. पुढच्याच क्षणी हिरो ओल्या केसांनी काठावर चढला, त्याने व्हिलनला बदडलं आणि लग्नही केलं.



"हा तं जिताच होता," ती म्हणाली. "मंग मी कायले रडली?"

"वाचला, चांगलंच झालं ना."

"मले नाही आवडलं. मेला असता तं बरं होतं." मग तिचं तिलाच कसंतरी वाटलं. "असं काहून बोलली मी?"

मलाही तो वाचलेला पटत नव्हता. ताई चहा ठेवायला उठली.

"मामा, पिक्चर चांगला आहे का बेकार?" भाचीने विचारलं.

मी बेकार म्हणालो, मग चांगला म्हणालो. ती हसली आणि तिने टीव्ही बंद केला.

परतताना लाखनीच्या स्टँडवर बस थांबली, तेव्हा गावातल्या एका वर्गमित्राला फोन लावला. त्या दुपारी तो माझ्या शेजारीच बसला होता. त्याने फोन उचलला आणि मी त्याच्या धानाची चौकशी करत राहिलो. हिरो वाचल्याचं त्याला का सांगितलं नाही, ते मला अजून उमगलेलं नाही.