करवंदं विकणारी

लग्न होऊन मी देशावरून मालवणात आले. नवरा मुंबईला नोकरीत होता आणि मला दिवस गेले होते. घरात काही कमी नव्हतं, पण मनातलं बोलायला कुणी नव्हतं.

बाजारात एक म्हातारी करवंदं घेऊन बसायची. गिऱ्हाइकाला हाक मारायची नाही. टोपलीवरच्या पाल्यावर पाणी शिंपडायची आणि चिकट बोटं लुगड्याला पुसत राहायची. एकदा तिने मला थांबवलं, अंगठ्याने माझी खालची पापणी ओढून पाहिली.

"रगात नाय गो तुझ्या आंगात. जेवतंस काय नाय?"

"जेवण जात नाही," म्हणताना मला रडू आलं.

तिने पानांच्या द्रोणात काळीभोर करवंदं निवडून घातली. "हंयसरच बसान खा. घराकडे गेलंस तर वाटून टाकतलंस."

करवंदं गुराख्यांनी खायची, असं सासूबाई म्हणत. तरी मोसम संपेपर्यंत मी जात राहिले.

मुलगी सुखरूप झाली. पुढच्या वैशाखात तिला दाखवायला गेले, तर त्या जागी कलमी आंबेवाला बसला होता. म्हातारीचं नाव मी कधी विचारलंच नव्हतं, चौकशी तरी कशी करणार?

करवंदांच्या काळ्या रंगात अँटिऑक्सिडंट असतात, असं आता मुलगी सांगते. असतीलही. पण द्रोण संपेपर्यंत ती म्हातारी माझ्या शेजारी नुसती बसून राहायची, आणि त्या दिवसांत घरी जाऊन मी पोटभर जेवायचे.