आमच्या साडूंची झोप

आमचे साडू झोपलेत की जागे आहेत, हे छातीठोकपणे सांगणारा माणूस अजून मराठवाड्यात जन्माला यायचाय. मी त्यांच्या सख्ख्या मेव्हणीचा नवरा, त्यातून मास्तर. डोळे उघडे ठेवून झोपणारी पोरं ओळखण्यात माझी हयात गेली. पण साडूंपुढं मी हात टेकले. डोळे मिटलेले असताना ते 'ऐकतोय की, बोला' म्हणायचे आणि उघडे असताना घोरायचे. माझ्या लग्नाची बोलणी चालली होती तेव्हा 'पोराचा स्वभाव...' एवढं बोलून त्यांना डुलकी लागली. ते वाक्य त्यांनी अर्ध्या तासानं, जेवणाच्या पंगतीत, 'बरा हाय' असं पूर्ण केलं. तोवर वाढपी रस्सा घेऊन समोर उभा होता. त्यामुळं बरा कोण, मी की रस्सा, हा घोळ आमच्या घरात अजून मिटलेला नाही. आमची ही तर रस्साच म्हणते.

असा माणूस कचेरीत असता तर सुखानं पेन्शनीला लागला असता. आमचे साडू पाण्याचा टँकर चालवायचे! वडील फुलंब्रीकडं मेंढरं राखायचे, ह्यांनी स्टेअरिंग धरलं. दुष्काळाची वर्षं होती. शहर चहूकडं फुगत होतं, शेतं जाऊन प्लॉट पडत होते आणि पाइपलाइन मात्र जुन्या वस्तीपाशीच थबकलेली. पुंडलिकनगरात आमच्याच नळाला आठवड्यातनं एकदा पाणी यायचं, तर बाहेरच्या नव्या वसाहतींना कोण विचारतो? तिथं साडूंचा टँकर जायचा. पाण्याचं कार्ड असलेल्या घराला दोन ड्रम, आणि उरेल ते टँकरमालकाच्या बांधकामावर, असा नेम होता. वसाहतीच्या शेवटच्या गल्लीत पत्र्याच्या खोल्या होत्या. गावं सोडून मजुरीला आलेली माणसं, त्यांना कुठलं कार्ड? पण साडू टँकर वळवायला तिथं नेत, लिंबाखाली उभा करत आणि स्टेअरिंगवर डोकं ठेवून घोरायला लागत. घोरणं ऐकू आलं की बायका हंडे घेऊन मागच्या कॉकशी जमत. पाणी कमी का भरतं, असं मालकानं विचारलं की साडू अगदी खरेपणानं म्हणत, "ऊन केवढं हाय मालक! उडतंय ते."

एके दिवशी फुलंब्रीच्या रस्त्यावर चालत्या टँकरात त्यांना डुलकी लागली. टँकर रस्ता सोडून वाळूच्या ढिगात घुसला. देवाची कृपा, कुणाला खरचटलं नाही. साडूंना जाग आली ती वाळूतच, आणि काच पुसत ते विचारते झाले, "गोदावरी आली व्हय?" मालकानं किल्ली काढून घेतली. डॉक्टरचा कागद आणशील तेव्हा टँकर, म्हणाला.

मग मी त्यांना दवाखान्यात नेलं. अंगाला वायरी चिकटवून एक रात्र झोपवलं, आणि डॉक्टरांनी सांगितलं की झोपेत यांचा श्वास पुन्हा पुन्हा थांबतो, मेंदू दर वेळी दचकून उठतो, म्हणून दिवसभर पेंग येते. रोज रात्री श्वासाचं मशीन लावायला हवं. साडूंनी शांतपणे ऐकून घेतलं. "थांबत आसंल, पण परत निघतोय ना? एसटी बी थांबती." डॉक्टर माझ्याकडं बघायला लागले. मी भिंतीकडं.

मशीन घरी आलं. डब्याएवढं यंत्र, त्याला लांब नळी, नळीच्या टोकाला नाकावर बांधायचा मास्क. आता नळी म्हणजे साडूंचा प्रांत! हवा गळतीय म्हणून पहिल्याच रात्री त्यांनी जोडाला सायकलच्या ट्यूबची पट्टी आवळून बांधली. हवा कोरडी लागू नये म्हणून यंत्राच्या पोटात थोडं शुद्ध पाणी घालायचं असतं, हे कळल्यावर कपाळावर हात मारून घेतला, "म्हंजी मला झोपायला बी टँकर लागणार!" आमची अक्का, म्हणजे साडूंची बायको, दाराआडून बघत होती. "दाजी, हे मशीन ह्यांना झोपवायलंय का हवा भरायलंय?" मला तरी कुठं कळत होतं!

आठवडाभर कुणीच झोपलं नाही. आणि मग एका सकाळी साडू हातात किल्ल्यांचा जुडगा घेऊन घाबरेघुबरे माझ्या दारात. "गुरुजी, काहीतरी राह्यलंय. डोकं लई हलकं लागायलंय. पाकीट हाय, किल्ल्या हायेत. मग गेलं काय?"

"साडूभाऊ, तुमची झोप झालीय."

ते पायरीवर बसले. जुडगा मांडीवर ठेवून म्हणाले, "आशी आसती व्हय?" पन्नाशीच्या माणसाला झोप कशी असते ते पहिल्यांदा कळत होतं. चहा पिऊन आम्ही चौकापर्यंत गेलो, तर तिथं दुसराच गोंधळ. "ह्या बिल्डिंगी कवा झाल्या?" म्हटलं, पाच वर्षं तुम्हीच तर पाणी टाकताय ह्यांना!

डॉक्टरांनी कागद दिला, टँकर परत मिळाला. साडू असे खूश, की दिसेल त्याला हॉर्न वाजवून दाखवायचे. पण महिना-दोन महिने गेले आणि अक्का रडत आली. "दाजी, ते परत गाडीत झोपायलेत म्हणं. एक दिवस मरतील कुठंतरी." मशीन बिघडलं म्हणावं, तर रात्री ते मांजरासारखे गप झोपत होते. रविवारी दुपारी मी त्यांच्याबरोबर टँकरमध्ये जाऊन बसलो. कार्डवाल्या गल्ल्या झाल्या, शेवटची गल्ली आली, लिंबाखाली गाडी थांबली, साडूंनी स्टेअरिंगवर डोकं ठेवलं आणि घोरायला लागले. मागं हंडे वाजले. मी हलवून जागं करणार, एवढ्यात काहीतरी खटकलं. साडूंचं घोरणं मी वर्षानुवर्षं ऐकलेलं. ते मध्येच थांबायचं, ऐकणाऱ्याचाही श्वास अडकायचा आणि मग एकदम फुटायचं. हे घोरणं आपलं एकसारखं, पिठाच्या गिरणीसारखं चाललेलं.

"साडूभाऊ," मी कानाशी म्हटलं, "तुम्ही जागे आहात."

"हळू बोला," साडू डोळे न उघडता म्हणाले. "जागं झालो त्या दिशी बायांनी मला बघितलं आन् रिकामे हंडे घेऊन माघारी गेल्या. जाग्या माणसाला नाय म्हणावं लागतं, गुरुजी." आणि पुन्हा गिरणी सुरू.

पुढं मालकानंच एकदा तिथं येऊन साडूंना घोरताना आणि बायकांना हंडे भरताना पाहिलं. सरळ सांगितलं, "झोपत असशील तर गाडी सोड, टँकर भरतो त्या विहिरीच्या पंपावर बस. जागा राहून पाणी सोडत असशील, तर गाडी चालव, पण ही चोरी मी बंद करतो. काय ते डॉक्टरकडून लिहून आण." आम्ही दोघं टँकरनंच गेलो. मशीनमध्ये रोजच्या झोपेची नोंद असते; ती बघून डॉक्टरांनी साडूंच्या पाठीवर थाप मारली. झोप उत्तम, गाडी चालवायला हरकत नाही, असा सही-शिक्क्याचा कागद. मी हुश्श केलं. साडूंनी कागदाची बारीक घडी केली आणि आतल्या खिशात घातली.

"हा दाखवायचा नाय," म्हणाले.

मी भडकलोच. "अहो, वेड लागलंय का? एवढा टँकर जिवापाड जपला, आता सोडणार?"

"हा दाखवला की मी जागा ठरलो. मग मालक कॉकला कुलूप घालील. झोपाळू डायवर म्हणला तर नुसता डायवर बदलंल. दुसऱ्याला बी डुलकी लागंल की कवातरी." एवढं बोलून हसले, आणि टँकरच्या बॉनेटवरून एकदा हात फिरवला.

साडू आता पंपावर बसतात. नुसती मोटर चालू-बंद करायची. दिवसभर झोपलं तरी कुणी बोलत नाही, आणि हा गृहस्थ टक्क जागा! कॉकला कुलूप लागलं नाही, पण नवा ड्रायव्हर तरतरीत आहे, त्याला डुलकी म्हणून लागत नाही. परवा त्या वसाहतीत एका विद्यार्थ्याच्या घरी गेलो होतो. शेवटच्या गल्लीतली एक म्हातारी रिकामा हंडा पायाशी ठेवून बसली होती. मला ओळखून म्हणाली, "तुमचा तो डायवर कुठं गेला वो?"

सगळं सांगून टाकावं, असं अगदी ओठांवर आलं. पण साडूंनी ज्याच्यापायी टँकर सोडला, ते मी कोण उघडं करणार? म्हटलं, "आहेत की. चांगली झोप लागते त्यांना."

"लागू दे बिचाऱ्याला," म्हातारीनं हात जोडले. "देवानं सगळ्याच डायवरला तसली झोप द्यावी, बाबा."