मी डावा सांगितला

त्या पोराला मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्याच्या टाचेनं आमच्या गड्याचं नाक फोडलं होतं. चढाईला आला, आत घुसला, वळला आणि मागं न बघताच लाथ हाणली. सुकं खोबरं दगडावर आपटावं तसा आवाज झाला. आमचा गडी खाली बसला आणि त्याच्या बोटांमधून रक्त मॅटवर टपकायला लागलं. पोरगा तोवर मध्यरेषा ओलांडून पलीकडं उभा राहून हसत होता. आमचे दोघे त्याच्यावर धावले, त्यांचे चौघे आमच्यावर. पुढची पाच मिनिटं ज्याच्या हाताला जो लागेल त्याला तो मारत होता. माझ्या शर्टाची बाही फाटून आली, आणि मी तर खेळाडूही नव्हतो. मी वही घेऊन बसणारा.

सिंगापूरमध्ये तुआसला आमची परांच्या बांधणारी कंपनी आहे. जहाजाला, टाकीला, चिमणीला बाहेरून पाइप आणि फळ्यांचा सांगाडा लावायचा, काम झालं की उतरवायचा. राहायला डॉर्मिटरी. रविवारी दुपारी तिथल्या बास्केटबॉल कोर्टावर रबरी मॅट अंथरून कबड्डी व्हायची. प्रत्येक कंपनीचा एक संघ. तमिळ, पंजाबी, बांगलादेशी आणि सांगलीकडचे आम्ही मूठभर. मी आठवीतून शाळा सोडलेली, पण अक्षर बरं. कोण कुठून आत शिरतो, कोण कुठल्या पकडीत सापडतो, हे मी लिहून ठेवायचो.

ती वही साहेबांच्या नजरेत आली. साहेब म्हणजे आमच्या यार्डाचे मॅनेजर, पुण्याचे. आधी बरीच वर्षं अमेरिकेत होते आणि तिथून बेसबॉलचं वेड घेऊन आले होते. तिकडं संघ एकमेकांचे खेळाडू अदलाबदल करतात, आज चांगला खेळणारा देऊन उद्या चांगला होईल असा घेतात, हे ते मला क्वीन्सटाउनच्या त्यांच्या फ्लॅटवर शनिवारी चहाबरोबर समजावून सांगायचे. आमच्या कबड्डीतही त्यांनी तेच सुरू केलं. खेळाडू काम आपापल्या कंपनीतच करणार, पण खेळायचं कुणाकडून ते कागदावर. बूट, जर्सी, रोजची दोन अंडी आणि दूध, आणि त्या बदल्यात इतके सीझन आमचा. मी सोफ्याच्या अगदी कडेला बसून ऐकायचो. वहिनी म्हणायच्या, "अरे, नीट बस, पडशील."

या माणसाचे माझ्यावर उपकार होते. पहिल्याच महिन्यात तिसऱ्या टप्प्यावर चढलो आणि खाली पाहिलं, तर हातपाय माझे राहिलेच नाहीत. पाइपला मिठी मारून तसाच चिकटलो. दुसरा कुणी असता तर त्याच आठवड्यात मला विमानात बसवलं असतं. साहेबांनी टूल स्टोअरमध्ये बसवलं. पाने, क्लॅम्प, बेल्ट द्यायचे आणि परत घ्यायचे. रोज सकाळी वाटायचं, आज हे संपणार, आज कुणीतरी म्हणणार की चल, वर चढ.

आणि त्या दिवशी मला खाली आणणारा दादा. तो वर आला, माझं एकेक बोट पाइपवरून सोडवलं आणि माझं तोंड स्वतःच्या छातीशी दाबून मला उतरवलं. रक्ताचं नातं काही नाही. गाव माझ्या गावापासून दोन स्टॉप पुढं, एवढंच. आम्ही एकाच खोलीत, तो खालच्या पलंगावर, मी वरच्या. आमच्या संघाचा सगळ्यात भारी चढाईपटू तोच, वय चौतीस. त्याच्या उजव्या गुडघ्यात पाणी व्हायचं. रविवारी खेळून आला की मी मीठ गरम करून फडक्यात बांधून द्यायचो.

"यार्डात कळता कामा नये," तो म्हणायचा. "वर चढता येत नाही म्हटलं की कामाचा पास गेला. पोरींच्या फिया कोण भरणार, तू?"

नाक फुटलं त्याच्या पुढच्या शनिवारी साहेबांनी लॅपटॉप माझ्याकडं वळवला.

"तो लाथ मारणारा पोरगा. एकवीस वर्षांचा आहे, आणि त्याच्या कागदाचे अजून दोन सीझन शिल्लक आहेत. तुझ्या दादाचा कागद याच सीझनला संपतो. मग तो फुकटात कुणाकडेही जाणार. आत्ता दिला तर त्याच्या बदल्यात काहीतरी मिळेल."

"पण साहेब, दादा आज जिंकून देतोय."

"आज. तीन वर्षांनी काय देईल?" मग सहज विचारल्यासारखं म्हणाले, "गुडघे वगैरे ठीक आहेत ना त्याचे? तिकडच्यांनी विचारलं तर सांगावं लागेल."

खरं सांगितलं तर दादाची अदलाबदल टळली असती आणि नोकरीही गेली असती. मी म्हणालो, "ठीक आहेत." साहेबांनी मान डोलावली. मला वाटलं, मी दादाला वाचवलं.

त्याला देऊन तो पोरगा घ्यायचं ठरलं हे दादाला कळलं तेव्हा तो जेवत होता. ताट ठेवून उठला आणि मला एक कानाखाली दिली. मी लोखंडी पलंगावर आदळलो, ओठ फाटला.

"वय तूच लिवलंस न्हवं? चौतीस?"

"वय तर खरंच आहे, दादा."

"आरं, खरं हाय म्हणून लिवायचं असतं व्हय?" दुसरी दिली. मग परत बसला आणि उरलेला भात संपवला. त्या दिवसापासून खोलीत माझ्याशी बोलायचा, पण रविवारी नाही. रविवारी तो त्यांचा.

पाच-सहा आठवड्यांनी आमची त्यांच्याशी गाठ पडली. मधल्या काळात दादा त्यांच्याकडून असा खेळला की लोक साहेबांना तोंडावर हसायला लागले होते. आमचा पोरगा लाथा मारत होता, पण निम्म्या वेळा पकडला जात होता. मॅच सुरू व्हायच्या आधी नळापाशी मी बाटल्या भरत होतो. कोपऱ्यात पकडीला उभा राहणाऱ्या आमच्या पंजाबी गड्यानं मागून माझी कॉलर धरली. याचं मनगट माझ्या पिंढरीएवढं. घोटा पकडला की समोरच्याचा पाय घेऊनच उठतो, असं सगळे म्हणायचे.

"तू उसके कमरे में रहता है. कुछ तो है उसके पैर में. कौन सा?"

"कुछ नहीं," मी म्हणालो. त्यानं मला भिंतीवर दाबलं. डोकं भिंतीवर आपटलं, डोळ्यांपुढं पांढरं झालं. साहेब तिथंच होते. त्यांनी त्याचा हात खाली घेतला आणि माझ्याशी मराठीत, हळू बोलले.

"सांग रे. खेळातलीच गोष्ट आहे. अशी माहिती अमेरिकेत लोक उघड वापरतात. इतकं केलंय मी तुझ्यासाठी, माझं एवढं ऐकणार नाहीस?"

दुखरा होता उजवा. मी म्हणालो, "डावा."

डावा त्याचा खांबासारखा होता. डावा धरला की तो तिघांना ओढत मध्यरेषेपर्यंत नेतो, हे मीच वहीत लिहिलं होतं. मला माझ्या हुशारीचं बरंसुद्धा वाटलं.

पहिल्या चढाईत दादानं आमचे दोघे मारले. जाता जाता माझ्याकडं बोट करून ओरडला, "लिव रं, कारकून! दोन लिव!" सगळं कोर्ट हसलं. दुसऱ्या चढाईत आमच्या एकाच्या तोंडावर त्याचं कोपर बसलं आणि त्यानं दात थुंकला. तिसऱ्या वेळी दादा डावा पाय पुढं टाकून आत आला आणि पंजाबी जमिनीवरून सरकत गेला. घोटा दोन्ही हातांत. वरून दुसरा मांडीवर, तिसरा पाठीवर. दादानं मागच्या उजव्या पायावर जोर देऊन उसळी घ्यायचा प्रयत्न केला. उजवा गुडघा नुसता आत वळला, त्यानं काही धरलंच नाही. सगळं अंग फिरलं आणि डावा पाय तिथल्या तिथं, पकडलेला, राहिला.

मी बाटल्यांपाशी होतो तरी मला आवाज आला. तंगडीचं हाड दाताखाली फुटतं तसा.

दादानं मॅटला नखं लावली. पाऊल भलत्याच बाजूला बघत होतं. मग त्याच्या नव्या संघातले आमच्यावर तुटून पडले. पंजाब्याच्या डोक्यात कुणीतरी खुर्ची घातली, आमच्या पोरानं खाली पडलेल्या एकाला बरगडीत लाथा घातल्या, आणि त्या गर्दीत मी दादाच्या डोक्यावर वाकून बसलो तेव्हा माझ्या पाठीवर किती बुक्क्या बसल्या ते मोजलं नाही.

ऑपरेशन झालं. पायात सळई बसली. डॉक्टरांनी दोन्ही गुडघे तपासले, म्हणजे उजव्याचंही कागदावर आलं. रविवारी खेळताना मोडलेला पाय कंपनीच्या कामात मोडलेला धरत नाहीत. महिनाअखेर पास रद्द होणार, हे वॉर्डातल्या सगळ्यांना माहीत होतं.

तिसऱ्या दिवशी मी त्याला सांगितलं. नळापासून मॅटपर्यंत सगळं.

"डावा सांगितलास?"

"उजवा वाचावा म्हणून, दादा."

"खुळ्या." त्याचा आवाज चढला तशी नर्स वळून बघायला लागली. "दुखरा पाय मी कुणाच्या हाताला लागू दीन व्हय? त्यो मागंच ठेवायचो मी. उजवा सांगितला असतास तर मागं हात घालायला गेलं असतं बेणं, आन् मी त्याच्या टाळूवरनं उडी मारून निघून गेलो असतो. इतकं बसून बघतोस, वही लिवतोस, तुला हे दिसलं न्हाई?"

मला खरंच दिसलं नव्हतं.

"मला काय सांगतोस आता? जा, त्याला सांग, तुझ्या सायबाला."

मी गेलो. शनिवार नव्हता, बोलावलंही नव्हतं. वहिनींनी चहा विचारला तर नको म्हणालो आणि उभाच राहिलो. म्हटलं, साहेब, तुम्ही विचारलंत, मी सांगितलं, पाय त्याचा गेला. त्याला बसायचं काम द्या.

साहेब चष्मा काढून डोळे चोळत राहिले. त्यांनाही झोप नसावी. म्हणाले, "बसायची जागा यार्डात एकच आहे. तिथे तू आहेस."

"मग मला वर पाठवा."

"तू? तिसऱ्या टप्प्यावर काय झालं होतं, विसरलास? मी एक लंगडा माणूस घेऊ आणि वर एक घाबरणारा?" मग कशाची आठवण झाली कोण जाणे, लॅपटॉप उघडाच होता तो त्यांनी बंद केला. "एक महिना. तुला नाही जमलं तर दोघेही जाल. मी काही करू शकणार नाही."

मी त्यांच्या पाया पडलो. त्यांनी पाय मागं घेतले.

आता दादा कुबड्या भिंतीला टेकवून स्टोअरच्या खिडकीत बसतो. महिन्यातले अकरा दिवस झाले. सकाळी रांगेत माझा नंबर आला की तो बेल्ट खिडकीतून फेकतो, हातात देत नाही. काल तो माझ्या तोंडावर बसला, बकल गालाला लागलं. मी उचलून कमरेला बांधायला लागलो. बकल दोनदा हातून निसटलं, ते त्यानं पाहिलं.

"दोन्ही हूक लाव," तो म्हणाला. "आन् खाली बघू नगंस. पुढचा कोण?"