समुद्रात हाताला लागलेला दोर

पाण्यात उतरायच्या आधी मी बूट काढून ठेवले. जोडीनं, नीट, रस्त्याकडेच्या पिवळ्या दगडाला टेकवून. पाण्याला हात जोडले आणि अनवाणी चालू लागलो. चौथ्या पावलाला तळव्यात असं काही टोचलं की मी मटकन बसलोच. पाठीवर हवेचं सिलिंडर, त्यामुळं उठता येईना. मागनं माझी मुलगी शिल्पा शांतपणे म्हणाली, "पप्पा, ते बूट पाण्यातच घालायचे असतात. त्याच्यासाठीच दिलेत."

आमच्याकडं विहिरीत उतरताना चपला काठावर काढतात. पन्नास वर्षांची सवय. समुद्राचा नियम उलटा असतो हे मला कोण सांगणार...

ही गोष्ट लिहायला मला बरीच वर्षं लागली, कारण असल्या गोष्टी सांगणाऱ्यांना मी आयुष्यभर हसत आलोय. माझं लातूरजवळच्या मुरुडला पाइप आणि मोटारपंपांचं दुकान आहे. तळहातावर नारळ उभा करून पाणी दाखवणारे पाणाडे माझ्याच दुकानासमोर चहा पितात, आणि मी त्यांची यथेच्छ टिंगल करतो. तेव्हा पुढचं वाचून कुणी हसलं तर माझी तक्रार नाही.

ज्या उन्हाळ्यात लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं, त्या उन्हाळ्यातली ही गोष्ट. दुकानात रोज माणसं यायची, अजून शंभर फूट पाइप न्यायची, आणि चार दिवसांनी तोच पाइप परत घेता का म्हणून विचारायची. घरी आठवड्यातनं एकदा पाणी. माझी बायको महानंदा भांडी घासलेलं पाणी झाडाला आणि अंघोळीचं पाणी फरशीला, असा सगळा हिशेब डोक्यात ठेवून दिवसभर फिरायची. आम्ही दोघं थकलो होतो. तेवढ्यात ह्यूस्टनहून शिल्पाचा फोन आला — जावयांना पाण्यात बुड्या मारायचा नाद, ते आम्हाला घेऊन बोनेअर नावाच्या कॅरिबियन बेटावर जाणार होते. तिथं म्हणे बोट लागत नाही, काठावरनं चालत चालत समुद्रात उतरायचं.

अडचण एकच होती. आमच्या विहिरीचा गाळ, दर उन्हाळ्यात पाणी तळाला गेलं की काढायचा असतो तो.

आमची शेतातली विहीर पन्नास फुटांची, खडकातनं कोरलेली, पायऱ्या नाहीत. कप्पीवरनं दोर सोडून माणूस आत उतरवायचा. दोर कमरेला बांधलेला. खालच्यानं एक हिसका दिला की रिकामं घमेलं सोडायचं, दोन दिले की भरलेलं ओढायचं, आणि तीन दिले की माणूस वर घ्यायचा. आजोबांपासून एक नियम पक्का — गाळ कुणीही काढो, माणसाचा दोर धरणारा घरचाच पाहिजे. मी जन्मलो तेव्हा मुरुड उस्मानाबाद जिल्ह्यात होतं. मी शाळेत असताना लातूर जिल्हा वेगळा झाला. गाव जागेवरच राहिलं, कचेरीची वाट तेवढी बदलली. जिल्हा झाला त्या वर्षीच्या उन्हाळ्यात मी पहिल्यांदा आत उतरलो, कारण मी हलका होतो, आणि माझे थोरले भाऊ अप्पा वर दोर धरून उभे राहिले. तेव्हापासून मी खाली आणि अप्पा वर. पुढं मला पोट सुटलं, अप्पा काटकुळेच राहिले, तरी आमच्या जागा बदलल्या नाहीत. दोर धरणाऱ्याच्या हाताला काय लागतं, हे मला कधी कळलंच नव्हतं.

जायच्या आधी मी अप्पांकडं गेलो. ते बाजेवर बसून जुनी सुतळी सोडवत होते.

"जा की," अप्पा म्हणाले. "पोरगी बोलवायली तर जावं माणसानं."

"अन गाळ?"

"मी उतरतो आत. संगमेश धरंल दोर." संगमेश म्हणजे त्यांचा मुलगा, दोन लेकरांचा बाप.

"तुम्ही? ह्या वयात?"

"मग काय तुझ्यावाणी समुद्रात उतरू? विहिरीत पाणी हाय गुडघाभर. बुडायचं म्हणलं तरी लई कष्ट पडतेन."

मला हसू आलं आणि लाजही वाटली. लाज झाकायला मी दुकानातलं एक छोटं पेट्रोल इंजिन त्यांना दिलं, राहिलेलं पाणी उपसायला. "आतल्या कपारीवर ठेवा, वर ठेवलं तर पाणी ओढणार नाही," असं सांगितलं. दुकानात हे वाक्य मी दिवसातनं दहादा म्हणतो. धुराबद्दल काही बोललो नाही. हे मी का लिहितोय ते पुढं कळेल.

बोनेअरला उतरलो आणि बघतो तर काय — निवडुंग, शेळ्या, रस्त्यानं मोकाट हिंडणारी गाढवं. पाऊस जेमतेम. प्यायचं पाणीसुद्धा समुद्राचं खारं पाणी गोडं करून. महानंदा गाडीच्या काचेतनं बघत म्हणाली, "शिवारच बघायचं होतं तर एवढ्या लांब कशाला आणलं ह्यांनी?" हॉटेलात दोन दिवस मी शॉवर पुरता उघडू शकलो नाही. बारीक धार सोडायचो, आणि खाली बादली नाही म्हणून जीव तुटायचा.

तिसऱ्या दिवशी सकाळी माझी बुडी. शिकवणारा रेमी नावाचा तिथलाच माणूस, भला, बोलायला कमी. पाण्याखाली बोटांच्या खुणा असतात. अंगठा वर केला तर त्याचा अर्थ मस्त असा नाही, वर चला असा. मी पहिल्या पाच मिनिटांत आनंदानं अंगठा दाखवला आणि रेमीनं मला दंडाला धरून वर आणून सोडलं. जावई तोंड फिरवून हसले. महानंदा काठावर छत्री घेऊन बसली होती, ती मात्र उघड हसली.

दुसऱ्यांदा नीट उतरलो. तळ हळूहळू खोल जातो आणि मग एका ठिकाणी उतार सुरू होतो, निळ्यात जाऊन दिसेनासा होतो. आम्ही त्या उताराच्या वर, तीसेक फुटांवर तरंगत होतो. निळे-पिवळे मासे अगदी तोंडासमोर. मला आठवतंय, मी मनात म्हणालो — एवढं पाणी. नुसतं एवढंच. बाकी काही विचार नव्हता.

आणि माझ्या हातात दोर आला.

दिसला नाही. माझे दोन्ही हात समोर रिकामे दिसत होते. पण मुठींत जाड, खरबरीत, ओला दोर होता, आणि त्याला खालनं वजन होतं. बादलीचं नाही... घमेल्याचं नाही... बादली गोल फिरते, हे वजन गप्प लोंबकळत होतं. मग हिसका बसला. एक. मी थांबलो. दोन. दुसरा बराच हळू होता. तिसरा एवढा बारीक की दोर हातात नसता तर कळलाही नसता.

तीन झाले की काय करायचं, हे विचार करून करायची गोष्ट नाही. मी ओढायला लागलो. हातावर हात टाकत, पाय पाण्यात झाडत, जिवाच्या आकांतानं. धाप लागली होती. रेमी समोर आला, त्यानं मला खांद्याला धरलं, तळहात खाली दाबून सावकाश, सावकाश अशी खूण करत राहिला. त्याला वाटलं मी घाबरलो. मी घाबरलो नव्हतो. मला फक्त सोडता येत नव्हतं. मग एकाएकी वजन गेलं. तुटल्यासारखं नाही — काठावर काहीतरी ठेवल्यासारखं. तेव्हा मी स्वतः अंगठा वर केला.

बाहेर आल्या आल्या मी म्हणालो, "फोन दे. संगमेशला लाव."

"पप्पा, आधी बसा तरी. ओठ बघा कसे झालेत," शिल्पा म्हणाली.

"अप्पा विहिरीत आहेत. लाव फोन."

तिनं लावला. उचलला नाही. परत लावला. महानंदानं माझे हात उलटे करून बघितले. तळवे लालभडक, आडवे पट्टे उठलेले, आग होत होती. रेमीनं वाकून बघितलं आणि सांगितलं की इथं एक पोवळं असतं, त्याला हात लागला की असंच भाजल्यासारखं होतं. मी कशाला हात लावल्याचं त्याला आठवत नव्हतं. मलाही नाही. पण पोवळं असतं, हे खरं.

जावयांच्या मनगटावर बुडीची वेळ नोंदवणारं घड्याळ होतं. आम्ही वर यायला लागलो तेव्हा सकाळचे सात बावीस झाले होते. म्हणजे मुरुडला दुपारचे पाचला आठ कमी. दिवसाचं शेवटचं घमेलं निघायची वेळ.

अर्धा तास कुणी फोन उचलला नाही. तो अर्धा तास मी त्या पिवळ्या दगडावर बसून काढला. त्या अर्ध्या तासात इंजिनचं ते वाक्य मला ऐकू येत राहिलं, माझ्याच आवाजात. बंद खड्ड्यात इंजिनचा धूर साचतो, हे गिऱ्हाइकाला सांगायचं असतं. त्यातल्या विषारी वायूला वास येत नाही, माणूस नुसता झोपी गेल्यासारखा होतो. मी पंचवीस वर्षं हाच धंदा करतोय.

मग संगमेशचा फोन आला. रडत होता.

"काका, चुकलं माझं. टँकर आला होता."

पाणी वाटायचा टँकर चार दिवसांनी वस्तीवर आला, हॉर्न वाजला, आणि शिवारातली झाडून सगळी माणसं घागरी घेऊन पळाली. संगमेशनं दोराचं टोक बाभळीला बांधलं, वरनं ओरडून अप्पांना "दहा मिनटात आलो" म्हणून सांगितलं आणि तोही पळाला. त्याला तरी काय बोलणार... टँकर कुणासाठी थांबत नाही, विहीर जागेवरच असते. आत इंजिन चालूच होतं.

"आलो तर अप्पा काठावर पडलेले," संगमेश सांगत होता. "दोर कमरंलाच हाय. बाभळीची गाठ तशीच हाय, माझीच. अन मधला दोर सगळा कप्पीपाशी ढीग होऊन पडलेला, कुणीतरी हातानं ओढून टाकल्यावाणी. काका, तिथं कुणीच नव्हतं. सगळे टँकरपाशी होते, मी सगळ्यांना बघितलंय. मी आलो तवा पाचची एसटी पण जायची होती अजून."

"शुद्धीवर आहेत का?"

"हाव. लातूरला न्यायलोय. डोळे उघडल्यावर पहिलं इचारलं, नागू कुठं गेला, आत्ता तर हितं होता." नागू म्हणजे मी, नागनाथ.

मग त्यानं फोन अप्पांच्या कानाला लावला. गाडीचा आवाज येत होता. अप्पांचा आवाज जाड झाला होता, जीभ जड.

"नागू."

"अप्पा, कसं वाटतंय?"

"लई धसाधसा ओढतूस रे तू. खांदा सोलटला माझा खडकाला. माणसाला हळू घ्यावं वर."

माझ्या एका हातात फोन होता आणि दुसरा हात महानंदानं खोबरेल लावायला धरून ठेवला होता.

दोन दिवस दवाखान्यात राहून अप्पा घरी आले. त्यांचा उजवा खांदा खरंच सोललेला होता, तो मी परत आल्यावर बघितला. लातूरच्या डॉक्टरांना मी सगळं विचारलं. ते म्हणाले, धुरानं मेंदूला हवा कमी पडली की माणसाला कुणीही दिसतं, भाऊ तर दिसणारच. हे मला पटतं. अंगात काय जोर येईल सांगता येत नाही, ते स्वतःच दोर धरून चढले असतील, असंही म्हणाले. हेही मी पटवून घेतलं असतं. पण अप्पांच्या तळव्यांवर ओरखडासुद्धा नव्हता. वाटेनं जाणाऱ्या कुणीतरी ओढलं असेल म्हणावं, तर आमच्या गावात उपकार करून गप्प बसणारा माणूस मला माहीत नाही. कुणाला चहा पाजला तर तो आम्ही वर्षभर ऐकवतो. मी वस्तीवर घरोघर विचारलं. टँकरच्या ड्रायव्हरलासुद्धा विचारलं. कुणी काही बोललं नाही.

माझ्या हातांचं म्हणाल तर ते पोवळंच असेल. समुद्रात मी दमलो, श्वास चुकला, मनात अप्पांची काळजी होती, तीच हातात उतरली असेल. सगळ्याला वेगवेगळं कारण सापडतं. एकत्र केलं की सापडत नाही. आणि खरं सांगायचं तर आता शोधायचाही कंटाळा आलाय. दुकानात गिऱ्हाईक इंजिन घ्यायला आलं की मी धुराचं पहिल्यांदा सांगतो, आणि इतका वेळ सांगतो की दोघं-तिघं न घेताच निघून गेलेत.

अप्पांशी मी हा विषय एकदाच काढला. ते म्हणाले, "तू ओढलंस म्हणून आलो. आता त्यात काय इचारायचं?" आणि उठून बैलांकडं गेले.

हे सगळं लिहून झाल्यावर मी महानंदाला वाचायला दिलं. ती तुरी निवडत बसली होती. हात पुसून तिनं सगळी पानं वाचली, एका ठिकाणी मागं जाऊन परत वाचलं, आणि कागद माझ्या मांडीवर ठेवून सूप पुढं ओढलं.

"एकदा ओढलं तर एवढी पानं भरलीत," ती म्हणाली. "थोरल्या भाऊजींनी दर उन्हाळ्याला तुम्हाला वर घेतलं, ते कुठं छापून आलंय?"