आतडं सरळ नसतं

परब सिस्टर मेंढीची आतडी पॅन्ट्रीच्या फ्रिजमध्ये, डॉक्टरांच्या दह्याशेजारी ठेवत. पिशवीवर मार्करने लिहिलेलं असे : ‘खाऊ नये. शिकण्यासाठी.’ अमिरातीतल्या अल ऐनच्या त्या हॉस्पिटलात यावरून त्यांना दोनदा नोटीस मिळाली. दुसऱ्या नोटिशीच्या पाठीवर त्यांनी वेगळ्या फ्रिजची मागणी लिहून पाठवली, आणि तो मिळवलाही.

आतडी कशासाठी, ते सांगायला हवं. मोठ्या आतड्यातून रक्त वाहायला लागलं की डॉक्टर मागच्या दाराने दुर्बीण आत घालतात. तिच्यातून एक लांब तार सरकवतात आणि तारेच्या टोकाची चिमुकली क्लिप रक्त येतं तिथे चिमट्यासारखी लावतात. हँडल दाबलं की क्लिप मिटते, आणखी दाबलं की तारेपासून सुटते आणि आतच राहते. सुटलीच नाही तर पंचाईत. ओढावं तर आतडं फाटण्याची भीती, न ओढावं तर माणूस तारेसकट घरी कसा पाठवायचा? मी या क्लिपा विकत असे. एंडोस्कोपी विभाग परब सिस्टरांच्या ताब्यात होता, त्यामुळे माझं नशीबही.

पहिल्या भेटीत मी टाय लावून गेलो होतो. आमची नवी क्लिप टेबलावर सरळ ठेवून, हँडल दाबून, ‘टक’ असा आवाज काढून दाखवला. सिस्टर चष्म्यावरून बघत होत्या. वेंगुर्ल्याच्या, ठेंगण्याठुसक्या, चालताना चपलांचा फटक फटक आवाज करणाऱ्या.

“झालं तुझं?” त्या म्हणाल्या. “मेल्या, माणसाचं आतडं काय दुबईचा हायवे आहे, नाकासमोर जायला?”

त्यांनी शिकवणीसाठी ठेवलेली जुनी दुर्बीण काढली, तिला दोन वेटोळी दिली, त्यातून माझी क्लिप सरकवली आणि मेंढीच्या आतड्याला लावली. पहिली सुटली. दुसरी सुटली. तिसरी आतड्याला चिकटली आणि तारेलाही.

“बघ, हिला माहेर सुटेना.”

“सिस्टर, जरा हार्ड प्रेस करायचं. हा युजर टेक्निकचा इश्यू आहे.”

“युजर म्हणजे मी ना? तुझ्या दुधाच्या दातांपासून ह्या नळ्या हाताळतेय मी.” मग त्यांनी खोक्यातली सूचनांची घडी उलगडली, जी मी जन्मात उलगडली नव्हती, आणि पोथी वाचावी तशी पहिल्या ओळीपासून मोठ्याने वाचायला घेतली. मी अर्ध्यातून पळालो.

रुग्णांशीही त्यांचं वागणं असंच. साताऱ्याकडचा एक वेल्डर होता, सुट्टीवर गावी निघालेला. त्याच्या पोटात क्लिप होती. सिस्टरांनी मराठीत चिठ्ठी लिहून त्याच्या ओळखपत्राच्या कव्हरात सरकवली. “गावी पाठ दुखली नि कुणी एमआरआयच्या मशीनमध्ये घालायला लागलं, तर आधी हे दाखव. आत लोखंडाची वस्तू आहे म्हणून सांग.” वेल्डर चिठ्ठी वाचून कासावीस झाला. म्हणाला, “सिस्टर, कुठनं घातली ते तेवढं खोडा.” त्यांनी खोडलं. मग मला म्हणाल्या, “लाजेपायी माणसं मरतात रे. आजारापेक्षा जास्त.”

एवढं सगळं पाहूनही मी काय केलं? सिस्टरांना वळसा घालून खरेदी विभागाच्या मॅनेजरला गाठलं. करक चहा पाजला, त्यांच्या मुलाच्या ग्रॅज्युएशनचे फोटो मन लावून पाहिले, “हंड्रेड परसेंट सेफ” असं निदान वीस वेळा म्हटलं आणि क्लिप हॉस्पिटलात घुसवली. सिस्टर भांडल्या नाहीत. “आणलीस? बरं. कपाटात जुनी पुढे, तुझी मागे,” एवढंच बोलल्या.

तरी दोन महिन्यांनी सिस्टर रजेवर असताना एका डॉक्टरांनी ती वापरली, आणि ती अडकली. सोडवता सोडवता डॉक्टरांना घाम फुटला. रुग्ण सुखरूप राहिला, हे त्याचं नशीब. मी कंपनीला कळवलं : युजर टेक्निक. त्याच आठवड्यात शारजात, रोल्ला भागातल्या माझ्या घरी, मी ती तार जेवणाच्या खुर्चीच्या पायाभोवती गुंडाळून एकामागून एक क्लिपा केळ्याच्या सालीला लावून पाहिल्या होत्या. दहापैकी तीन अडकल्या. माझी मुलगी बघत उभी होती. म्हणाली, “बाबा, इट्स स्टक.” मी तिला अभ्यासाला पाठवलं.

देव असतो की नाही ठाऊक नाही, पण असलाच तर तो आमच्या धंद्यातला असावा. मला रक्त जायला लागलं. दोन आठवडे मी मूळव्याध म्हणून स्वतःची समजूत काढली. एंडोस्कोपीची यंत्रं विकणारा माणूस, पण आपलीच तपासणी म्हटल्यावर मला अल ऐनला जायला सवड सापडेना. शेवटी माल पोचवायला गेलो असताना सिस्टरांच्याच विभागाच्या टॉयलेटमध्ये भांडं लाल झालं. बाहेर आलो तो भिंतीला धरून.

“पांढरा का पडलास?” सिस्टरांनी विचारलं. मी ऊन, उपास, पित्त अशी सगळी कारणं सांगून पाहिली. त्यांनी नाडी धरली आणि मला खाटेवर आडवं केलं. सलाइन लागलं, रक्ताची तपासणी झाली. पुढचा सगळा वेळ मी आतडं धुवायचं ते चार लिटर पाणी पीत होतो आणि सिस्टर पेल्यांवर लक्ष ठेवून होत्या. “यल्ला, चल, पी. चव विचारू नको.”

सकाळी मला कुशीवर वळवून टेबलावर घेतलं. गाउन मागून उघडा. जॉर्डनचे डॉक्टर हातमोजे चढवत होते. सिस्टर माझ्या तोंडासमोर आल्या. दोन्ही हातांत एकेक पाकीट.

“निखिल, आत रक्त दिसलं तर क्लिप लागेल. ही तुझी. ही जुनी. झोपेचं औषध द्यायच्या आधी सांग.”

मागची बाजू उघडी असताना माणसाला सेल्समनशिप सुचत नाही.

“जुनी,” मी पुटपुटलो.

“मोठ्याने.”

“जुनी द्या हो, सिस्टर!”

डॉक्टरांनी विचारलं, “व्हॉट इज ही सेइंग?”

“ही इज चेंजिंग हिज कंपनी, डॉक्टर,” सिस्टर म्हणाल्या.

आतड्याच्या एका फुगवट्यातली शीर फुटली होती. जुनी क्लिप लागली, सुटली, रक्त थांबलं.

दुसऱ्या दिवशी सिस्टर वॉर्डात आल्या त्या तक्रारीचा फॉर्म घेऊन. मी लिहिलं : ‘क्वचित प्रसंगी किंचित अडचण संभवते.’ त्यांनी वाचलं.

“किंचित? मग काल बोंबललास कशाला?”

मग मी त्यांना खुर्चीचा पाय, केळ्याची साल, सगळं सांगितलं. आयुष्यात एवढी शरम मला कधी वाटली नव्हती. “पण हे लिहिलं तर खलास, सिस्टर. नोकरी जाईल. व्हिसा कंपनीचा आहे. मुलीची शाळा आहे.”

त्या शिव्या देतील असं वाटलं होतं. त्या खाटेच्या कडेला बसल्या.

“जाईल,” त्या हळू आवाजात म्हणाल्या. “वरच्या मजल्यावर एक बाई आहे. तिलाही रक्त जातंय, उद्या स्कोप आहे. जुन्या क्लिपा संपत आल्यात. तुला मी विचारलं कुठली लावू, कारण तुला ठाऊक होतं. तिला काय विचारू?”

मी आधीचं खोडलं. लिहिलं : ‘दुर्बीण वळलेली असताना क्लिप तारेपासून सुटत नाही. मी स्वतः पाहिलं आहे. वापरू नये.’ सही केली.

त्याच संध्याकाळी माझ्या क्लिपा कपाटातून निघाल्या. महिन्याभरात कंपनीने बाकीच्या हॉस्पिटलांतूनही तो माल परत मागवला आणि माझे आभार मानून मला काढलं. नवी नोकरी मिळेपर्यंत माझी झोप उडाली होती. त्या काळात सिस्टर रोज फोन करत. नोकरीचं कधी विचारलं नाही. “शी कुठल्या रंगाची झाली? वर्णन नको, रंग सांग.”

वर्षाअखेरीस त्या निवृत्त झाल्या आणि वेंगुर्ल्याला निघाल्या. मीच त्यांना विमानतळावर सोडायला गेलो. बॅगा चढवून झाल्यावर इतके दिवस मनात असलेलं विचारलं, “सिस्टर, ती वरच्या मजल्यावरची बाई कशी आहे?”

“कुठली? हां, ती! तिचं रक्त आपोआप थांबलं. क्लिप लागलीच नाही. गेली चालत घरी.”

“म्हणजे माझी नोकरी फुकट गेली?”

“तिला क्लिप लागली असती तर?” असं म्हणून त्यांनी पासपोर्ट काढला आणि फटक फटक करत आत गेल्या. मागे वळून बघण्याची त्यांना सवय नव्हती. मी पार्किंगमध्ये गाडीत बसलो आणि पोटभर रडलो.